रुग्णालयातला किरणोत्सारी कचरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूक्लिअर मेडिसिनमधले तंत्रज्ञ, वॉर्डातल्या सिस्टर, साफसफाई करणाऱ्या मावशी, उपचार घेऊन घरी निघालेले रुग्ण, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून हेच असतात. उत्तरं लिहिताना एक माणूस सतत डोळ्यांपुढे होता: पिशवी शेवटी ज्याच्या हातात जाते तो. तिच्यात काय आहे, हे बहुतेक वेळा त्यालाच कुणी सांगितलेलं नसतं.

रुग्णालयात किरणोत्सारी कचरा येतोच कुठून?

बराचसा न्यूक्लिअर मेडिसिनमधून. तिथे रुग्णाला किरणोत्सारी औषध टोचतात किंवा गिळायला देतात. हाडांच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या स्कॅनसाठी टेक्निशियम-99एम, पेट स्कॅनसाठी फ्लोरिन-18, थायरॉइडच्या उपचारासाठी आयोडीन-131, काही प्रकारच्या कर्करोगांसाठी ल्युटेशियम-177. वापरलेली सिरिंज, रिकामी व्हायल, हातमोजे, कापूस, सलाइनची नळी, टेबलावर अंथरलेला शोषक कागद, हे सगळं कचऱ्यात जमा होतं. औषध घेतल्यावर ते रुग्णाच्या लघवीत, घामात, लाळेतही उतरतं. म्हणून चादर, उशीचा अभ्रा, जेवणाच्या कागदी ताटल्या आणि डायपरही याच यादीत येतात.

दुसरा उगम रेडिओथेरपीचा, म्हणजे किरणांनी केलेल्या कर्करोगाच्या उपचाराचा. तिथले स्रोत धातूच्या कवचात बंद असतात: इरिडियम-192, कोबाल्ट-60, जुन्या यंत्रांत सीझियम-137. ते रोज कचऱ्यात पडत नाहीत, पण निकामी झाल्यावर तेच सगळ्यांत धोकादायक कचरा ठरतात. तिसरा, छोटा उगम प्रयोगशाळांचा: रक्ततपासणीच्या किटमधलं आयोडीन-125, संशोधनातले ट्रिटियम आणि कार्बन-14.

एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या खोलीतून असा कचरा निघतो का?

नाही. यंत्र बंद झालं की किरणही बंद. खोलीत, फिल्मवर किंवा रुग्णाच्या अंगात काहीही उरत नाही. रुग्णालयात पसरलेल्या निम्म्या भीतीचं उत्तर एवढ्यातच आहे.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. रेडिओथेरपीचे लिनॅक (विजेवर किरण तयार करणारी यंत्रं) 10 मेगाव्होल्टच्या वर चालत असतील, तर त्यांच्या डोक्यातले काही धातूचे भाग न्यूट्रॉनमुळे स्वतः किरणोत्सारी होतात. असं यंत्र भंगारात काढण्याआधी सुटं करून मोजावं लागतं. जुन्या कोबाल्ट यंत्रांच्या काही डोक्यांमध्ये कवच म्हणून क्षीण युरेनियम वापरलेलं असतं. म्हणजे स्रोत काढून नेला तरी उरलेला सांगाडा साधं लोखंड आहे असं धरून चालत नाही.

अर्धायुष्याचा कचऱ्याशी काय संबंध?

सगळाच संबंध आहे. अर्धायुष्य म्हणजे पदार्थाची किरणोत्सारिता निम्मी व्हायला लागणारा वेळ. तापवून, गोठवून, रसायन घालून तो बदलत नाही. फ्लोरिन-18 चं अर्धायुष्य सुमारे 110 मिनिटं, टेक्निशियम-99एमचं 6 तास, ल्युटेशियम-177 चं साडेसहा दिवसांपेक्षा थोडं जास्त, आयोडीन-131 चं 8 दिवस, आयोडीन-125 चं साधारण 60 दिवस, इरिडियम-192 चं 74 दिवस. मग उडी एकदम वर्षांवर: कोबाल्ट-60 ला 5.27 वर्षं, सीझियम-137 ला सुमारे 30 वर्षं आणि पूर्वी कर्करोगाच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या रेडियमच्या सुयांना 1,600 वर्षं.

रुग्णालयाचं नशीब असं की रोजच्या कचऱ्यातले बहुतेक पदार्थ या यादीच्या सुरुवातीला आहेत. त्यामुळे 'बंद करून ठेवा आणि वाट पाहा' ही पद्धत इथे चालते. जंतूंचा कचरा मारावा लागतो, रसायनांचा कचरा निष्प्रभ करावा लागतो, हा कचरा आपला आपण विझतो. आपण फक्त तो विझेपर्यंत हरवू द्यायचा नाही. ऐकायला हे सोपं वाटतं, आणि बहुतेक चुका नेमक्या इथेच होतात.

दहा अर्धायुष्यं झाली की पिशवी टाकून द्यायची, एवढंच ना?

एवढंच नाही. दहा अर्धायुष्यांनंतर मूळ किरणोत्सारितेचा 1,024 वा भाग उरतो. पण कशाचा 1,024 वा? किरणोत्सारिता बेक्वेरेलमध्ये मोजतात. पिशवीत आयोडीन-131 चे 1 मेगाबेक्वेरेल, म्हणजे 1,000 किलोबेक्वेरेल असतील, तर 80 दिवसांनी जवळपास 1 किलोबेक्वेरेल उरेल. तिच्यात 100 मेगाबेक्वेरेल असतील, तर त्याच 80 दिवसांनी सुमारे 100 किलोबेक्वेरेल शिल्लक असतील, आणि पिशवीजवळ नेलेला मीटर ते स्पष्ट दाखवेल. दिवस तेवढेच, उरलेला माल शंभरपट. दहाचा आकडा अंदाज बांधायला चांगला आहे, परवानगी म्हणून नाही.

परवानगी मीटर देतो. पिशवी साठवणीच्या खोलीतून बाहेर काढायची, कारण तिथे शेजारच्या पिशव्यांचे किरण आकडा बिघडवतात. पार्श्वभूमी, म्हणजे आसपास आधीपासूनच असलेले किरण, कमी असलेल्या जागी आधी नुसत्या हवेतला आकडा घ्यायचा. शिशाचं आवरण काढायचं, मीटर सगळ्यांत संवेदनशील पट्टीवर ठेवायचा, आवाज चालू ठेवायचा आणि पिशवीच्या सगळ्या बाजूंनी, अगदी पृष्ठभागालगत, सावकाश फिरवायचा. आकडा पार्श्वभूमीपेक्षा वेगळा ओळखू येत नसेल, तरच पिशवी मोकळी. काही देशांत पदार्थागणिक प्रतिग्रॅम बेक्वेरेलची मर्यादा ठरवलेली असते. तिथे ती पाळायची. अमेरिकेच्या नियमांत वैद्यकीय वापरातून आलेल्या, 120 दिवसांपर्यंत अर्धायुष्य असलेल्या पदार्थांचाच कचरा अशा रीतीने साठवून सोडता येतो. त्याहून दीर्घायुषी पदार्थांसाठी वेगळी वाट असते.

योग्य मीटर निवडणंही तितकंच महत्त्वाचं. आयोडीन-125 चे किरण इतके दुबळे असतात की साधा गायगर काउंटर ते जेमतेम पकडतो. त्याला पातळ सोडियम आयोडाइड स्फटिकाचा शोधक लागतो. ट्रिटियम तर हातातल्या कुठल्याच मीटरला दिसत नाही. तिथे पुसून घेतलेला नमुना लिक्विड सिंटिलेशन काउंटरमध्ये मोजावा लागतो. चुकीच्या मीटरवरचं शून्य हे मोजमाप नव्हेच.

पिशवीवर काय लिहायचं?

पदार्थाचं नाव, अंदाजे किरणोत्सारिता, पिशवी बंद केल्याची तारीख, पृष्ठभागावरचा मीटरचा आकडा, विभाग, बंद करणाऱ्याचं नाव आणि नोंदवहीतला क्रमांक. आत सुया किंवा संसर्गजन्य काही असेल तर तेही ठळक अक्षरांत.

यातलं एकच लिहायची मुभा असती, तर मी तारीख मागितली असती. पदार्थ कोणता हे स्पेक्ट्रोमीटरने नंतरही शोधता येतं. पण तारीख नसेल तर पिशवी कालची की तीन महिन्यांपूर्वीची हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मग ती कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडून राहते किंवा कुणीतरी कंटाळून उचलतो. लेबल पिशवी भरायला लागल्यावर नव्हे, रिकामी लावतानाच चिकटवावं. तारीख मात्र बंद करतानाच लिहावी, कारण शेवटची सिरिंज ज्या दिवशी पडली तिथूनच मोजणी सुरू होते.

वेगवेगळे पदार्थ एकाच पिशवीत टाकले तर काय बिघडतं?

पिशवी सगळ्यांत दीर्घायुषी पदार्थाच्या वेळापत्रकावर जाते. टेक्निशियमचे हातमोजे अडीच दिवसांत मूळच्या हजाराव्या भागावर येतात. त्यांत आयोडीन-131 लागलेला एक बोळा पडला की त्या सगळ्या ढिगाला दोन-तीन महिने जागा द्यावी लागते. लवकरच खोली भरते आणि भरलेल्या खोलीत लोक घाई करतात. म्हणून काही तासांवाले, काही दिवसांवाले आणि काही आठवड्यांवाले पदार्थ वेगवेगळ्या डब्यांत जायला हवेत, आणि तेही जिथे कचरा तयार होतो त्याच टेबलापाशी. नंतर पिशवी उघडून निवडत बसणं म्हणजे आणखी एका माणसाला विनाकारण किरणांपुढे उभं करणं.

सुया टणक, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यातच. पुन्हा टोपण घालायला जाऊ नये. द्रव आणि घन वेगळे. ज्वालाग्राही द्रावकं आणखी वेगळी.

ल्युटेशियमचा कचरा काही महिन्यांत विझतो असं कुणी म्हणतं, वर्षं लागतात असं कुणी. खरं काय?

दोन्ही बाजू खऱ्या असतात, कारण ल्युटेशियम-177 दोन मार्गांनी बनतं. इटर्बियममार्गे बनवलेलं बरंच शुद्ध असतं आणि त्याचा कचरा दोन-अडीच महिन्यांत निवतो. थेट ल्युटेशियमवर न्यूट्रॉनचा मारा करून बनवलेल्यात मात्र ल्युटेशियम-177एमची किंचित भेसळ उतरते आणि तिचं अर्धायुष्य 160 दिवसांचं आहे. मुख्य पदार्थ विझून गेल्यावरही व्हायलच्या तळाशी ही भेसळ मीटरला दिसत राहते. तिची दहा अर्धायुष्यं म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ. त्यामुळे औषध मागवण्याआधीच पुरवठादाराला उत्पादनाची पद्धत विचारून ठेवावी आणि त्या व्हायल इतर कचऱ्यापासून वेगळ्या साठवाव्यात. गॅलियम-68 वापरणाऱ्यांनीही हाच विचार करावा. गॅलियम 68 मिनिटांचं, पण ज्या जनरेटरमधून ते निघतं त्यातलं जर्मेनियम-68 तब्बल 271 दिवसांचं.

साठवणीची खोली कशी असावी?

कुलूपबंद. बाकी सगळं त्यानंतर. लोकांची ये-जा नसलेली, पण कचरा लिफ्टमधून सगळ्या वॉर्डांत फिरवावा लागणार नाही इतकी जवळची. जमीन आणि भिंती गुळगुळीत, सांधे नसलेल्या, पुसता येणाऱ्या. आयोडीन असेल तर हवा बाहेर काढणारी सोय, कारण आयोडीन वाफ होऊन उडतं. जैविक कचऱ्यासाठी फ्रीजर, आणि त्यावर 'इथे खाद्यपदार्थ ठेवू नयेत' ही पाटी. दारावर त्रिदल चिन्ह (किरणोत्साराचा इशारा देणारं तीन पात्यांचं चिन्ह), जबाबदार व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर. नवं आत, जुनं बाहेर हा क्रम राहील अशी मांडणी.

शेजारच्या खोलीत कोण बसतं हेही पाहावं. भिंतीपलीकडे प्रतीक्षागृह असेल, तर मीटर तिथेही नेऊन मोजायला हवं. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा 1 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या मात्रेचं माप) आहे आणि तिथे बसलेल्या माणसाला आपण कशाला टेकून बसलोय हे माहीत नसतं.

शिशाचा एप्रन घातला की पुरे ना?

नाही, आणि हा गैरसमज नीट काढून टाकायला हवा. एप्रन एक्स-रे विभागासाठी बनलेला असतो, त्यात साधारण अर्धा मिलिमीटर शिसं असतं. टेक्निशियमच्या 140 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या किरणांना ते बऱ्यापैकी अडवतं. आयोडीन-131 चे 364 आणि पेट स्कॅनवाल्या पदार्थांचे 511 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण त्यातून जवळपास तसेच आरपार जातात. ते निम्मे करायलाच काही मिलिमीटर शिसं लागतं. एप्रनच्या भरवशावर माणूस कचऱ्याजवळ जास्त वेळ थांबतो, म्हणजे त्याचा उलट तोटा होतो.

फॉस्फरस-32 सारख्या तीव्र बीटा कण सोडणाऱ्या पदार्थाला तर सुरुवातीला शिसं लावूच नये. बीटा कण शिशात एकदम थांबले की त्यातून एक्स-रे निघतात. आधी सेंटिमीटरभर ॲक्रिलिक, लागलं तर त्याच्या बाहेर शिसं.

रोजच्या कामात खरी मदत अंतराची होते. छोट्या स्रोतापासून अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथ्या हिश्श्यावर येते. पिशवी छातीशी धरून नेण्याऐवजी लांब दांड्याच्या ट्रॉलीवर नेणं हे बहुतेक एप्रनपेक्षा जास्त वाचवतं.

आयोडीन घेतलेल्या रुग्णाची लघवी कुठे जाते?

थायरॉइडच्या कर्करोगात साधारण 100 ते 200 मिलिक्युरी, म्हणजे 3.7 ते 7.4 गिगाबेक्वेरेल आयोडीन-131 देतात. ग्रंथी आधीच काढलेली असल्यामुळे त्याचा मोठा भाग पहिल्या 48 तासांत लघवीतून बाहेर पडतो. अशा रुग्णांना शिशाच्या किंवा जाड काँक्रीटच्या भिंतींच्या, स्वतंत्र संडास असलेल्या खोलीत ठेवतात. तो संडास अनेक ठिकाणी डिले टँकला जोडलेला असतो: दोन किंवा अधिक टाक्या, एक भरत असताना दुसरी बंद, आतला आयोडीन विझत बसलेला. मुदत संपल्यावर नमुना मोजून टाकीतलं पाणी सांडपाण्यात सोडतात.

सगळीकडे हाच नियम नाही. जर्मनीत असं पाणी साठवून विझवतात. अमेरिकेच्या नियमांत रुग्णाचं मलमूत्र सांडपाण्याच्या मर्यादेतून वगळलेलं आहे. दोन्ही बाजूंना तर्क आहे: टाकीमुळे बाहेरचं पाणी वाचतं, पण टाकी, पंप आणि गळणारे वॉल्व्ह दुरुस्त करणाऱ्या माणसाला मात्रा मिळते. टाकी असेल तर तिची देखभाल हा सुरक्षेचाच भाग समजावा. टाकी भरल्यावर आयत्या वेळी प्लंबर बोलावला, तर पाइपात काय आहे हे त्याला सांगायची आठवण त्या धांदलीत राहीलच याची खात्री नसते.

एक व्यावहारिक अडचण हमखास येते. रुग्णाला आपण 'दोन वेळा फ्लश करा, भरपूर पाणी प्या' असं सांगतो, आणि ते बरोबरच असतं. पण नळ वाहता ठेवला, त्याच खोलीत कपडे धुतले, तर टाकी अपेक्षेच्या कितीतरी आधी भरते आणि विझायला वेळच उरत नाही. कमी पाण्याचा फ्लश बसवणं आणि रुग्णाला कारणासह समजावणं, हे दोन्ही केलं तर फरक पडतो. कारण कळलं की माणसं ऐकतात.

घरी गेल्यावर माझ्या कचऱ्याचं काय करायचं?

टेक्निशियमचा किंवा पेटचा स्कॅन असेल तर एक दिवस नीट हात धुणं, बसून लघवी करणं आणि दोनदा फ्लश करणं बहुतेकांना पुरतं. लहान बाळ किंवा डायपर वापरणारे वृद्ध असतील तर डायपर वेगळ्या पिशवीत बांधून, विभागाने सांगितलेले दिवस बाजूला ठेवून मग कचऱ्यात टाकावेत.

आयोडीनच्या उपचारानंतर सूचना लेखी मिळतात. त्या जपून ठेवा. वेगळा टॉवेल, वेगळे कपडे, टिशू शक्यतो फ्लश करणं, टाकायच्याच वस्तू काही आठवडे वेगळ्या ठेवणं, असं त्यात असतं. अनेक शहरांच्या कचरा डेपोंच्या फाटकावर किरण ओळखणारे मॉनिटर बसवलेले असतात. तिथे गजर वाजतो त्यामागे पुष्कळदा असा एखादा डायपर असतो. धोका नगण्य, पण अख्खी गाडी बाजूला उभी राहते आणि कुणाला तरी तो कचरा हाताने उपसून शोधावा लागतो.

औषध सांडलं तर आधी काय?

आधी माणसं. आसपासच्यांना सांगा, कुणी त्यातून चालत बाहेर जाऊ नये म्हणून जागा अडवा. मग सांडलेल्यावर शोषक कागद टाका. हातमोजे दुहेरी. पुसताना बाहेरच्या कडेकडून मध्याकडे यायचं, म्हणजे डाग पसरत नाही. वापरलेला प्रत्येक बोळा त्याच पिशवीत. शेवटी मीटर जमिनीवर आणि स्वतःच्या बुटांच्या तळव्यांवरही फिरवायचा. कातडीवर पडलं असेल तर कोमट पाणी आणि साबण. ब्रशने घासू नये, खरचटलेल्या जागेतून पदार्थ आत जातो.

आयोडीन सांडलं असेल तर ब्लीच वापरू नका. रुग्णालयात रक्त, उलटी, काहीही सांडलं की हात आपोआप हायपोक्लोराइटच्या बाटलीकडे जातो, कारण जंतुसंसर्गाच्या प्रशिक्षणात तेच शिकवलेलं असतं. आयोडाइडवर ब्लीच पडलं की मोकळं आयोडीन तयार होऊन वाफ होऊ शकतं, आणि जे जमिनीवर होतं ते श्वासात येतं. आम्लामुळेही तेच होतं. त्यासाठी सोडियम थायोसल्फेटचं द्रावण तयार ठेवतात, ते आयोडीनला उडू देत नाही. ही बाटली कुठे आहे हे रात्रपाळीच्या सिस्टरना माहीत आहे का, हे आजच विचारून पाहा.

संसर्गजन्य किरणोत्सारी कचरा ऑटोक्लेव्हमध्ये टाकावा की जाळावा?

घाईने दोन्हीपैकी काहीच नाही. उष्णतेने जंतू मरतात, पण किरणोत्सारिता जराही कमी होत नाही. उलट उडणारा पदार्थ वाफेत किंवा धुरात जातो. साधारणपणे आधी विझू द्यायचं, कुजण्यासारखं असेल तर फ्रीजरमध्ये, आणि मग तो फक्त जैविक कचरा उरला की नेहमीच्या मार्गाने पाठवायचा.

पिशवी मोकळी करताना त्रिदल चिन्ह आणि लेबल काढून किंवा पुरतं खोडून टाकायचं, हे विसरलं जातं. चिन्ह तसंच राहिलं तर पुढचा माणूस उगाच घाबरतो. त्याहून वाईट म्हणजे अशी दहा निरुपद्रवी चिन्हं पाहिल्यावर अकरावं, खरं चिन्ह तो मनावर घेत नाही.

उपचारानंतर लवकरच रुग्णाचा मृत्यू झाला तर?

नातेवाइकांना हा प्रश्न विचारणं जड जातं, म्हणून रुग्णालयानेच तो पुढाकार घेऊन हाताळावा. अंत्यसंस्कार करणाऱ्यांना कोणतं औषध केव्हा दिलं होतं हे कळवणं आवश्यक आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात ल्युटेशियमचा उपचार घेतलेल्या एका रुग्णाचा काही दिवसांतच मृत्यू झाला आणि दहनही झालं. दहनगृहाला उपचाराची कल्पना नव्हती. नंतर भट्टीवर आणि उपकरणांवर ल्युटेशियम आढळलं. 2019 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. मात्रा मोठी नव्हती. पण रुग्णाच्या फाइलमधली माहिती त्याच्याबरोबर गेली नाही, हे त्यातून उघड झालं.

जुने, निकामी स्रोत रुग्णालयात ठेवले तर चालतील का? खोलीत पडून आहेत, कुणाला त्रास नाही.

नाही. या पानावरचं सगळ्यांत महत्त्वाचं उत्तर हे आहे.

ब्राझीलमधल्या गोयानियात एक रेडिओथेरपी क्लिनिक 1985 च्या सुमारास दुसरीकडे हललं आणि सीझियम-137 चं जुनं यंत्र मागे राहिलं. 13 सप्टेंबर 1987 ला दोघांनी त्याचा भाग भंगारासाठी काढून नेला. आत सीझियम क्लोराइडची भुकटी होती, अंधारात निळसर चमकणारी. भंगारवाल्याच्या घरी लोक ती बघायला आले, चिमूटभर घरी घेऊन गेले, मुलं तिच्याशी खेळली. लोक आजारी पडायला लागल्यावर भंगारवाल्याच्या पत्नीला त्या पावडरचा संशय आला आणि तिने ती पिशवीत घालून बसने आरोग्य खात्याच्या कार्यालयात पोचवली. तिच्यामुळे शहराला कळलं. ती वाचली नाही, तिची सहा वर्षांची पुतणीही नाही. एकूण चार जण गेले, सुमारे 1,12,000 लोकांची तपासणी करावी लागली, 249 जणांवर सीझियम आढळलं.

त्याआधी मेक्सिकोतल्या सियुदाद ह्वारेझमध्ये एका रुग्णालयाने घेतलेलं, कधीच न बसवलेलं कोबाल्ट-60 चं यंत्र गोदामात पडून होतं. 1983 मध्ये ते भंगारात गेलं, कोबाल्टच्या सुमारे 6,000 बारीक गोळ्या पोलादात वितळल्या आणि त्या पोलादाच्या सळया घरांत बसल्या. ही गोष्ट उघडकीला आली ती योगायोगाने: जानेवारी 1984 मध्ये अशा सळयांचा ट्रक अमेरिकेतल्या लॉस ॲलामॉसच्या प्रयोगशाळेच्या फाटकावरून गेला आणि तिथला मॉनिटर वाजला.

दोन्ही ठिकाणी स्रोत 'पडून' होते. कुणालाच त्रास नव्हता. नोंद होती, पण ती रोज पाहणारं कुणी उरलं नव्हतं. स्रोत विकत घेतानाच तो परत घेण्याचा करार पुरवठादाराशी करावा, परतीचा खर्च तेव्हाच बाजूला काढावा, आणि वापर संपला की कागदपत्रांसह तो परत पाठवावा किंवा देशाच्या मान्यताप्राप्त केंद्राकडे सोपवावा. रुग्णालय बंद होताना, विकलं जाताना किंवा विभाग हलताना स्रोतांची मोजदाद पहिली व्हावी, फर्निचरची नंतर.

बंदिस्त स्रोत चुकून रोजच्या कचऱ्यात जाऊ शकतो का?

गेलेला आहे. 1992 मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात ब्रॅकीथेरपीच्या (स्रोत शरीराच्या आत नेऊन उपचार करण्याच्या) यंत्रातला इरिडियम-192 चा स्रोत तुटून रुग्णाच्या शरीरातल्या नळीतच राहिला. खोलीतला मॉनिटर इशारा देत होता. तो बिघडला असावा असं मानलं गेलं आणि हातातल्या मीटरने रुग्णाला कुणी तपासलं नाही. काही दिवसांनी ती नळी निघाली आणि वैद्यकीय कचऱ्यात गेली. रुग्णाचा मृत्यू झाला. स्रोत सापडला तो कचरा जाळणाऱ्या केंद्राच्या फाटकावर, तिथल्या मॉनिटरमुळे.

म्हणून ब्रॅकीथेरपीच्या खोलीतून रुग्ण, चादरी, कचऱ्याचा डबा, काहीही मीटर फिरवल्याशिवाय बाहेर जाऊ नये. कचरा रुग्णालयाबाहेर पडतो त्या शेवटच्या दारावर एक कायमचा मॉनिटर बसवणं हा माझ्या मते कुठल्याही मोठ्या रुग्णालयाने करावा असा खर्च आहे. आणि मॉनिटर वाजला तर तो बिघडलाय असं दुसऱ्या मीटरने सिद्ध होईपर्यंत तो खरंच बोलतोय असं धरायचं.

मी सफाईचं काम करते आणि गरोदर आहे. मला काय करावं लागेल?

लवकरात लवकर सांगावं, हे पहिलं. गरोदरपण जाहीर झाल्यानंतर बाळाला उरलेल्या काळात साधारण 1 मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळू नये अशा बेताने काम नेमतात. तुलनेसाठी: निसर्गातूनच जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात, आणि किरणांशी काम करणाऱ्यांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आहे. आयोडीन उपचाराच्या खोल्या, साठवणीची खोली आणि सांडलेलं पुसणं ही कामं दुसऱ्याकडे जायला हवीत. हे सांगितल्याबद्दल तुमचं काम किंवा पगार जाणार असेल, तर ती व्यवस्था चुकीची आहे, तुम्ही नाही.

मावशी, वॉर्डबॉय यांना किती शिकवावं? सगळं समजेल का?

बेक्वेरेल आणि किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट शिकवायची गरज नाही. चिन्ह ओळखणं, असा डबा स्वतःहून न उचलणं, गळती दिसली तर हात न लावता कळवणं आणि कुणाला कळवायचं त्याचं नाव, एवढं पाठ हवं. शिकवताना मीटर त्यांच्या हातात द्यावा. विझलेल्या पिशवीजवळ तो शांत राहतो आणि नव्या पिशवीजवळ कडकडतो, हे एकदा कानांनी ऐकलं की तासभराच्या भाषणाची गरज उरत नाही. कंत्राटी माणसं बदलतात, म्हणून हे दर वेळी पुन्हा करावं लागतं.

त्रिदल चिन्ह सगळ्यांना कळतं का?

नाही. ते 1946 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या प्रयोगशाळेत तयार झालं. न शिकवलेल्या माणसाला ते पंख्याच्या पात्यांसारखं किंवा फुलासारखं दिसतं. म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 2007 मध्ये जास्त धोकादायक स्रोतांसाठी एक जोडचिन्ह आणलं: लाल पार्श्वभूमी, वरून येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस. ते दारावर नव्हे, यंत्राच्या आत स्रोतालगत लावतात. यंत्र खोलणाऱ्याने ते पाहावं आणि तिथेच हात थांबवावेत यासाठी.

साध्या कचऱ्याच्या डब्यात त्रिदल चिन्हाची पिशवी दिसली. काय करू?

उचलू नका, उघडू नका, दुसऱ्या डब्यात सरकवू नका. दोन-तीन मीटर मागे या, इतरांना लांब ठेवा आणि विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याला फोन करा. तो लागला नाही तर न्यूक्लिअर मेडिसिनमधल्या ड्युटीवरच्या तंत्रज्ञाला. तोवर कचऱ्याची गाडी रवाना होऊ देऊ नका, आधीच निघाली असेल तर क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. पिशवीला हात लागला असेल तर हात धुण्याआधी तसं सांगा, म्हणजे त्यांवर मीटर फिरवता येईल. त्यांच्यापैकी कुणी येईपर्यंत तिथेच, पण लांबून, लक्ष ठेवा.